गाणं मुलींच्या बँडचं, पण लिहिलं कुणी?

तिरकस_ताल
गेल्या आठवड्यात जपानी मुलींच्या रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांची एक यादी फिरत होती. त्यात अगदी वरच झोनचं 'सिक्रेट बेस' (२००१) आणि व्हाइटबेरीचं 'नात्सु मात्सुरी' (२०००). गाणी गोड आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण 'सिक्रेट बेस'चे शब्द आणि चाल दोन्ही माचिदा नोरिहिको या गृहस्थांचं काम. 'नात्सु मात्सुरी' तर जित्तेरिन जिन या बँडचं १९९० चं गाणं. होक्काइदोतल्या शाळकरी मुलींनी ते दहा वर्षांनी पुन्हा वाजवलं. झोनवाल्या साप्पोरोच्या पोरींच्या हातात तर वाद्यं नंतर आली, आधी नुसतं गाणं आणि नाच होता.

आता याच्यासमोर प्रिन्सेस प्रिन्सेसचं 'डायमंड्स' ठेवा. शब्द गिटार वाजवणाऱ्या नाकायामा कानाकोचे, चाल गाणाऱ्या ओकुई काओरीची. ओरिकॉन या जपानी विक्री-क्रमवारीच्या १९८९ च्या वार्षिक यादीत पहिलं. दुसऱ्या क्रमांकावरचं गाणंही त्यांचंच, 'सेकाई दे इचिबान आत्सुई नात्सु', आणि त्याचे शब्द ड्रम वाजवणाऱ्या तोमिता क्योकोचे. याला म्हणतात बँडचं गाणं. बाकी सगळं म्हणजे दुसऱ्याने शिवलेला पोशाख अंगावर चढवणं. माझ्या मते अशी गाणी या यादीत येऊच नयेत. बोला.

सुरपेटी
मग आपलं अर्धं भावगीत मोडीत काढा की! शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची, म्हणून आशाताईंचं गाणं आशाताईंचं नाही का? गाणं गळ्यात उतरलं की ते गाणाऱ्याचं. तुमची ही लिहिणाऱ्याची पूजा रॉकवाल्यांनी साठच्या दशकात सुरू केलेलं खूळ आहे.

तिरकस_ताल
आशाताईंनी 'आम्ही बँड आहोत' असं कधी म्हटलं नाही. बँड म्हटलं की चार जणींनी एका खोलीत बसून भांडून गाणं उभं केलं, अशी अपेक्षा असते.

'डायमंड्स'च्या सिंगलवर मागच्या बाजूला 'एम' नावाचं गाणं आहे, ते ऐका. शब्द पुन्हा तोमिताचेच. प्रेम संपलंय, पत्त्यांच्या वहीतलं एमचं पान उघडलंय, बोट त्या नावावरून फिरतंय, आणि बाईंना पुढे काही करवत नाही. पैसे घेऊन लिहिणारा माणूस इतकं बारीक लिहीत नाही. ड्रमच्या मागे बसलेल्या बाईने हे लिहिलं आणि समोर उभ्या बाईने गायलं. मला हवं ते हे.

निशीकासाईकर
'एम'बद्दल शंभर टक्के सहमत. इथे टोकियोत कराओकेला गेलं की रात्री अकरानंतर कुणीतरी ते लावतंच, आणि ऑफिसातल्या चाळिशीच्या बायका एकदम गप्प होऊन ऐकतात.

पण तिरकसराव, तुमच्या शुद्धतेच्या चाळणीतून प्रिन्सेस प्रिन्सेससुद्धा गळतील. ही काही गल्लीतल्या मैत्रिणींनी जमवलेली टोळी नव्हती. १९८३ साली कंपनीने ऑडिशन घेतली, पाच मुली निवडल्या आणि नाव ठेवलं आकासाका कोमाची. नावही कंपनीचं, सुरुवातीची गाणीही. स्वतःची गाणी आणि नवं नाव नंतर आलं. म्हणजे तुमचा आदर्श बँडही 'बनवलेला'च आहे. १९८९ मध्ये टोकियोच्या निप्पोन बुदोकान या मोठ्या सभागृहात वाजवणारा पहिला मुलींचा बँड तोच ठरला, ही गोष्ट वेगळी.

तिरकस_ताल
जन्म कुठे झाला याला माझा आक्षेप नाही, पुढे काय केलं ते बघतोय. तुम्ही माझ्याच बाजूने पुरावा दिलात.

बेसवाली_कोथरूड
मी बेस वाजवते म्हणून जरा चिडून लिहितेय. स्कँडल या बँडचं 'शोजो एस' (२००९) घ्या. 'ब्लीच' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचं (अ‍ॅनिमेचं) सुरुवातीचं गाणं होतं, आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी जपानी रॉक पहिल्यांदा तिथेच ऐकला. या चौघी ओसाकातल्या गाण्या-नाचाच्या शाळेतल्या. २००६ मध्ये गिटार, बेस, ड्रम हातात घेतले आणि ओसाका किल्ल्याजवळच्या बागेत उघड्यावर वाजवायला लागल्या. तेव्हापासून त्याच चौघी. २०२३ मध्ये गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. एवढी वर्षं एकीनेही बँड सोडला नाही, आणि तुमचा प्रश्न काय, तर पहिली चाल कुणाची होती?

वाजवणं हे काम नाही का? कॉलेजच्या फेस्टला साउंडवाल्याने मला प्लग लावता लावता विचारलं होतं, "वाजवता येतं ना नक्की?" शेजारी उभ्या गिटारवाल्या मुलाला नाही विचारलं. 'लिहिलं कुणी' हा प्रश्न मला त्याच सुरातला वाटतो. मुलांच्या बँडचे क्रेडिट्स कोण काढून बघतं?

तिरकस_ताल
मी बघतो. वाद्य गळ्यात अडकवलेल्या, कंपन्यांनी घडवलेल्या मुलग्यांच्या आयडॉल गटांनाही मी बँड म्हणत नाही. तुमच्या साउंडवाल्याचा हिशेब माझ्या खात्यावर नको.

चिडका_चाहता
दोन्हीकडचे लोक एक गोष्ट विसरतायत. गाणं गाजतं ते लिहिणाऱ्यामुळेही नाही आणि वाजवणाऱ्यामुळेही नाही, ते कुठे चिकटवलंय त्यामुळे गाजतं. चॅटमंची हा तोकुशिमाचा तीन मुलींचा बँड, 'शांग्री-ला' (२००६) पूर्ण घरचं: शब्द ड्रमर ताकाहाशी कुमिकोचे, चाल हाशिमोतो एरिकोची. जबरदस्त गाणं. पण देशभर पोचलं ते 'हाताराकी मॅन' या अ‍ॅनिमेच्या शेवटी लागायचं म्हणून. शिशामो या बँडचं 'आशिता मो' (२०१७) मियाझाकी आसाकोने स्वतः लिहिलंय, पण ते घराघरांत नेलं मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने.

आणि उलटं बघा. शोनेन नाइफ हा बँड, ओसाका, १९८१ पासून. बहुतेक सगळी गाणी स्वतःची. गोळ्या-चॉकलेटांवर, प्राण्यांवर, मनाला येईल त्यावर. १९९१ मध्ये निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडबरोबर इंग्लंडचा दौरा केला. मायदेशी मोठं हिट? नाही. तिरकसरावांच्या नियमाने त्या सगळ्यांत वर असायला हव्यात, आणि 'गाजलेली गाणी' म्हटलं की त्यांचं नावच निघत नाही.

सुरपेटी
वा, आता जाहिरातवाल्यांनाही क्रेडिट द्या.

निशीकासाईकर
चिडका, तुमचं म्हणणं निम्मं पटतं. पण 'सिक्रेट बेस'चं काय करणार? ते लागलं होतं एका टीव्ही मालिकेला. मालिका आज कुणाला आठवते? २०११ मध्ये 'आनोहाना' या अ‍ॅनिमेच्या शेवटी ते नव्याने वाजलं, तेही अ‍ॅनिमेतल्या आवाज देणाऱ्या मुलींनी गायलेलं, आणि एका नव्या पिढीने रडून घेतलं.

आणि त्या गाण्यात 'दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटू' असं वचन आहे. झोन २००५ मध्ये बंद पडला होता. गाणं आलं ऑगस्ट २००१ मध्ये. ऑगस्ट २०११ मध्ये झोन पुन्हा मंचावर उभा राहिला, त्याच ओळीखातर. शब्द माचिदांचे, कबूल. पण ते पाळले कुणी?

बेसवाली_कोथरूड
हेच! आणि बँड-मेड या बँडबद्दल काय म्हणता? 'थ्रिल' (२०१४) बाहेरच्या लोकांचं. फेसबुकवरून परदेशात पसरलं आणि त्याच्यावरच बँड तगला. आता शब्द कोबातो मिकु लिहिते आणि संगीत बँड स्वतः करतो. 'थ्रिल' नसतं तर पुढचं काहीच नसतं.

तिरकस_ताल
वचन पाळलं, फार छान. लिहिलं नाही. 'थ्रिल'ने पोट भरलं, तेही छान. यादी पोटापाण्याची नाहीये.

माझी यादी: 'डायमंड्स', 'एम', 'शांग्री-ला', 'आशिता मो'. चिडकाच्या हट्टाखातर शोनेन नाइफचं एखादं, गाजलेलं असो नसो. बँड-मेडचं नंतरचं काहीही चालेल. झोन आणि व्हाइटबेरी बाहेर.

बेसवाली_कोथरूड
शो-या हा बँड कुठंय? 'गेनकाइ लव्हर्स', तेही १९८९ चंच. तेरादा केइकोचा तो आवाज!

तिरकस_ताल
चाल बाहेरच्या माणसाची. नियम म्हणजे नियम.

बेसवाली_कोथरूड
ज्यांनी १९८७ पासून टोकियोतल्या हिबियाच्या खुल्या मंचावर फक्त बायकांचा रॉक महोत्सव भरवला, त्यांनाच तुमच्या यादीत जागा नाही?

तिरकस_ताल
महोत्सवाला दंडवत. गाणं बाहेर.