१.३६ किलोचा फायटिंग रोबो: पूर्ण बॉडी ७०७५ ॲल्युमिनियमची करू का?

हिंगणा_टी_पॉइंट
मेकॅनिकल सेकंड इयर, नागपूर. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधली रोबोवॉर्स ही रोबोंची झुंज पाहून आम्हा चौघांच्या डोक्यात किडा शिरलाय. मोठ्या वजनाचा रोबो आपल्या खिशाचं काम नाही, म्हणून ३ पाउंड, म्हणजे १.३६ किलोचा करतोय. समोर उभी फिरणारी डिस्क, दोन चाकं, बॉक्स साधारण १६० × १४० मिमी, उंची ४५. सीनियर म्हणतात ३ मिमी ७०७५ ॲल्युमिनियमचा डबा कर, विषय संपव. रूममेट म्हणतो थ्रीडी प्रिंटर आहे, पीएलए प्लास्टिकमध्ये छापून टाकू. मला टायटॅनियम पाहिजे, पण बजेट आडवं येतं. काय घेऊ, आणि इथे कुठे मिळेल?

टूलरूमवाले_काका
बेटा, आधी वजन मांड, मग धातूचं नाव घे. तुझ्या मापाचा डबा ३ मिमी ॲल्युमिनियममध्ये सगळीकडून बंद केला तर ५८० ग्रॅम नुसता डबाच होते. उरलेल्या ७८० मध्ये मोटरी, बॅटरी, चाकं, स्पीड कंट्रोलर बसवून डिस्कच्या वाट्याला काय येईल? पापड. मग आर्मर घालून करणार काय, मार खात उभा राहणार?

सीनियर खोटं नाही सांगून राहिले, फक्त ७०७५ ची जागा वेगळी आहे. सगळे विचारतात कोणता मटेरियल मजबूत. मी विचारतो, या जागी वाकलं तर चालते का? डिस्कच्या शाफ्टचे बेअरिंग बसतात तिथे अजिबात चालत नाही. दोन बाजू जराशा सरकल्या की डिस्क स्वतःच्याच बॉडीला खाते. तिथे ७०७५ चे दोन ब्लॉक लाव. टी-६ टेम्परमध्ये, म्हणजे उष्णता देऊन कडक केल्यावर, नेहमीच्या ६०६१ ॲल्युमिनियमची यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागते तो ताण, २७५ मेगापास्कलच्या आसपास, ७०७५ ची ५०० च्या. एवढ्याशा तुकड्यासाठी कंजुषी नको. फक्त ७०७५ वेल्ड करायच्या आणि काटकोनात वाकवायच्या भानगडीत पडू नको, तडकते.

बाजूच्या भिंतींचं उलटं आहे. तिथे वाकून परत यायला पाहिजे. ॲल्युमिनियमची भिंत एकदा आत गेली की तिथेच राहते, चाकाला टेकते, आणि रोबो जागेवर गोल फिरत बसते. म्हणून भिंतींना १० मिमी यूएचएमडब्ल्यू घे, ते पांढरं मेणचट प्लास्टिक. घनता ०.९५ धर, पाण्यावर तरंगते. चारही भिंती २५० ग्रॅममध्ये होतात. तेवढ्याच वजनात स्टील जेमतेम १.२ मिमी येते. खाली दीड मिमी ॲल्युमिनियम ९० ग्रॅम, वर दीड मिमी पॉलिकार्बोनेट ४० ग्रॅम. एकूण ३८०. वाचलेले २०० ग्रॅम डिस्कमध्ये घाल.

मिळण्याचं म्हणशील तर कोळशाच्या बंकरला, चुटला (माल घसरत जायच्या पन्हाळीला) आतून याच प्लास्टिकचे लायनर लावतात, माल चिकटू नये म्हणून. आणि कोळसा तर आपल्या विदर्भाचा घरचाच धंदा. एमआयडीसीत असं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे कटपीस विचार. नवीन पूर्ण शीट घेऊ नको, पैसे जातील. कापायला जिगसॉ, मोठ्या दाताचं ब्लेड. लेझरवर वितळते. चिकटवायचा विचारही करू नको, याला गोंद धरत नाही.

एक गोष्ट नागपूरवाल्यांसाठी खास. हे प्लास्टिक उन्हाने फुगते, ॲल्युमिनियमच्या पाच-सात पट. मे महिन्यात ४५ डिग्रीला मापात पाडलेली भोकं जानेवारीच्या सकाळी जुळत नाहीत, १६० मिमीत अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक पडते. खालच्या पत्र्यात भोकं लांबट ठेव.

धरमपेठची_प्रिंटरवाली
काकांना अनुमोदन. पीएलए मात्र विसर. ताठ असतो, पण धक्का बसला की तुकडेच होतात. शिवाय साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतो. उन्हाळ्यात पार्किंगमधल्या गाडीत रोबो ठेवलास तर स्पर्धेआधीच तो हरलेला असेल. प्रिंटर आहेच तर टीपीयू ९५ए, म्हणजे रबरासारखं फिलामेंट वापर. फिलामेंट आधी नीट वाळव, भिंती पाच-सहा थरांच्या ठेव. बॅटरीचा कप्पा, चाकांचे गार्ड त्यात छान होतात. बेअरिंगचे ब्लॉक टीपीयूत अजिबात नको, लवचीक आहे ते.

हिंगणा_टी_पॉइंट
काका, ताई, थँक्यू. दोन शंका. पॉलिकार्बोनेट म्हणून दुकानदाराने ॲक्रेलिक दिलं तर कळेल कसं? आणि समोरच्या वेजला, म्हणजे दुसऱ्या रोबोच्या खाली घुसणाऱ्या तिरक्या पत्र्याला, तरी टायटॅनियम लावू का?

टूलरूमवाले_काका
बोटभर पट्टी कापून माग आणि दुकानातच व्हाइसमध्ये धरून वाकव, डोळ्यांवर चष्मा लावून. ॲक्रेलिक कटकन तुटते आणि धारदार कपची उडते. पॉलिकार्बोनेट दुमडते, घडीवर पांढरट होते, पण सोडत नाही. दुकानदार वाकवू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

टायटॅनियम ग्रेड ५ ची घनता ४.४३. तुझा १४० × ५० चा वेज २ मिमीमध्ये ६२ ग्रॅम होते. पत्रा मिळाला तर लाव, ठिणग्याही झकास उडतात, पब्लिक खूश होते. पण ड्रिल मारताना स्पीड कमी, दाब जास्त, कूलंट चालू. थांबून घासत बसलास की जागा कडक होते आणि बिट जाते. नाहीतर दीड मिमी स्प्रिंग स्टील. वजन ८२ ग्रॅम, पण सहज मिळते. हार्डनिंग करून आणलं तर टेम्परिंग, म्हणजे पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी करणं, केलं का ते विचारून घे, नुसतं पाणी दिलेलं काचेसारखं फुटते. वाडीला ट्रकच्या कमानीचे पट्टे मिळतात म्हणून तिकडे पळू नको, ते जाडीला फार आहेत.

वेज भिंतीला नाही, खालच्या ॲल्युमिनियमला बोल्ट कर, म्हणजे दोन फाइटच्या मध्ये बदलता येईल. वरच्या पॉलिकार्बोनेटला काउंटरसंक, म्हणजे पत्र्यात रुतणाऱ्या शंकूच्या डोक्याचे स्क्रू लावायचे नाहीत, शंकूच्या काठापासून तडा जाते. बटन हेड आणि वॉशर. आणि पॉलिकार्बोनेटजवळ थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून लावायचं लिक्विड, तर अजिबात नको, चिरा पडतात. आत नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट लाव.