गावात धंदा करताना कुठं अडलात आणि पुढं कसे गेलात? विदर्भातले अनुभव लिहा

धागा सुरू करणारा, समुद्रपूर तालुका (वर्धा)

विदर्भातल्या खेड्यांबद्दल बोलणं निघालं की ते कापूस, सोयाबीन आणि कर्ज यांच्यापुढं सहसा जात नाही. पण त्याच गावांत कोणी डाळ मिल चालवतं, कोणी कोंबड्या पाळतं, कोणी हडंबा (मळणी यंत्र) घेऊन खळ्याखळ्यावर फिरतं, कोणी चार बायांना जमवून कुरडया घालतं. यांचं कुठं लिहिलेलं सापडत नाही. शिबिरांमध्ये सांगतात त्या यशोगाथांत मधली वर्षंच गाळलेली असतात, आणि नव्या माणसाला खरी गरज त्याच वर्षांची असते. पैसा कुठं अडकला, माल का परत आला, मग नेमकं काय केलं, हे लिहा. व्यापाऱ्याचं, दुकानाचं, साहेबाचं नाव नको.

सुरुवात मी करतो. आमचा पट्टा वायगाव हळदीचा. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही दोघं भाऊ गावातलीच हळद घेतो, उकडतो, वाळवतो, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतो आणि दळून विकतो. ओली हळद वाळून जेमतेम पाचवा हिस्सा उरते, म्हणजे पैसा आधी भरपूर घालावा लागतो आणि परत यायला वेळ लागतो. शहरातल्या एका ठोक विक्रेत्यानं पहिल्या हंगामात चोख पैसे दिले. दुसऱ्या हंगामात त्यानं मोठी ऑर्डर दिली, माल उचलला आणि फोन घेणं बंद केलं. आमचं सगळं खेळतं भांडवल तिथं गुंतलं. पुढच्या हंगामात शेजाऱ्यांची हळद घ्यायला हातात पैसा नव्हता, ती त्यांनी मिळेल त्या भावात दुसरीकडं दिली. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

आमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आधीपासूनची होती, तीच कामी आली. २००६ च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे किती दिवसांत द्यायचे ते ठरवून दिलंय. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तरी ४५ दिवसांच्या वर नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी तेव्हा सरकारचं समाधान नावाचं पोर्टल होतं. आमच्याजवळ बिल होतं, ट्रान्सपोर्टची पावती होती, माल पोचल्याचा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता. अर्ज केल्याचं कळल्यावर त्यानं हप्त्याहप्त्यानं मुद्दल दिली, व्याज आम्ही सोडलं. नोंदणी माल देण्याच्या आधीची असलेली बरी, हे ध्यानात ठेवा. आता कोणत्याही एका गिऱ्हाइकाकडं तिसऱ्या हिश्श्याच्या वर माल जाऊ देत नाही. त्यामुळं वाढ हळू होते, पण हंगामात शेजाऱ्याला रोख देता येतात.

डाळ मिलवाला, अकोट तालुका

भाऊ, चांगला विषय काढला. मी आपल्या अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाची ती पीकेव्ही मिनी डाळ मिल घेतली होती. मशीन चालवणं मले जमलं. पण डाळ मशीनीत कमी आन् अंगणात जास्त बनते, हे मले कोणी सांगतलं नव्हतं. तुरीले आधी मशीनीतून काढून ओरखडे पाडा लागते. मंग तेलाचा हात द्या लागते. मंग उन्हात वाळू घाला, पाणी मारून रातभर ढीग झाकून ठेवा, पुन्हा वाळवा, तवा कुठं ती दोन फाकांत सारखी फुटते. यातलं एक बी काम घाईनं केलं तं टरफल चिकटून राह्यते आन् चुनीच जास्त निघते. सारं नीट झालं तं क्विंटलमागं सत्तर-बहात्तर किलो डाळ.

मी बँकेच्या पैशानं तूर भरून ठेवली. फेब्रुवारीत वाळू घातली आन् अवकाळी आला. ताडपत्र्या कमी पडल्या. भिजलेली तूर काळी पडली, तिले बास सुटला, डाळीचा भाव सोडा, ढोराच्या खाद्याच्या भावात द्या लागली. वरून बँकेचं व्याज चालूच.

मंग बुडाल्यावर आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या बाईनं मले रस्ता दाखवला. ती म्हने, "बाबू, तू तूर घेतं काहून? आमची भरडून दे न." तवापासून मी भरडाईच करतो. लोक आपली तूर आनतात, मी डाळ करून देतो, किलोवर पैसे घेतो. माल त्याहीचा, भावाची जोखीम त्याहीची, माझ्याकडं फक्त मशीन, माणसं न अंगण. बँकेचं कर्ज त्याच्यातच फिटलं. मागच्या दोन वर्साखाली ड्रायर बसवला आन् आता मी थोडी तूर स्वतःची बी घेतो, पण ड्रायरमधी मावन तेवढीच.

एक अजून. नव्या पोट्ट्याहीनं मशीनीच्या आधी वीज पाहा. गावठाणात तीन फेज नसन तं मशीन घेऊन फायदा नाही. मले औद्योगिक कनेक्शन भेटेपर्यंत मशीन नुसतं झाकून होतं आन् हप्ता सुरू झाला होता.

हडंबावाला, दारव्हा

डाळ मिलवाल्या भाऊंचं हप्त्याचं बरोबर आहे. माझी कमाई सोयाबीन निघते तेव्हा आणि मग तूर, हरभरा निघतो तेव्हा. पावसाळ्यात ट्रॅक्टर दारात उभा. आणि हप्ता महिन्याचा! पहिल्या वर्षी ऑगस्टचा हप्ता भरायला बायकोची पोत गहाण गेली. नंतर कळलं की शेतीच्या यंत्राचं कर्ज सहामाही हप्त्यानं मिळतं, मागावं लागतं. दुसऱ्या कर्जाच्या वेळी मागितलं, मिळालं. सही करण्याआधी हप्त्याच्या तारखा वाचा.

संत्रेवाली, वरुड तालुका

मी आणि माझी जाऊ. आमच्याकडं आंबिया बहाराची बाग आहे. मोठं फळ व्यापारी नेतो, प्रश्न बारीक फळाचा. पूर्वी ते बांगलादेशात जायचं. तिकडं आयातशुल्क वर्षागणिक वाढत गेलं तसा त्याचा भाव पडला. म्हणून ठरवलं, बारीक फळाचा रस काढून बाटलीत विकायचा. नागपूर ते अमरावती रस्त्यावर गाड्या थांबतात, खपेल असा अंदाज होता.

रस काढला तेव्हा गोड. तापवून बाटल्यांत भरला. दुसऱ्या दिवशी उघडला तर कडू! आधी बाटली खराब म्हटलं, मग साखर, मग विहिरीचं पाणी. सगळं बदलून पाहिलं तरी तोच कडवटपणा. ढाबेवाल्यांनी माल परत पाठवला. गावात बोलणं सुरू झालं की यांनी सडकी संत्री वापरली. हे बोलणं आर्थिक नुकसानापेक्षा जड गेलं, कारण आमच्याच बागेचं फळ होतं आणि हातानं निवडलेलं होतं.

शेवटी नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत गेलो. तिथं पहिल्यांदा लिमोनिन हा शब्द ऐकला, रस कडू करणारा पदार्थ तो. फळ खाताना ते नसतं. बियांत आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्यात त्याचं बिनकडू रूप असतं. रस काढताना ते रसात उतरतं आणि रसातल्या आंबटपणामुळं काही तासांत त्याचं कडू लिमोनिन होतं. तापवलं की आणखी लवकर. म्हणजे आम्ही जितकं जोर लावून पिळत होतो आणि जितकं नीट उकळत होतो तितका रस कडू होत होता. दोष फळाचा नव्हता, आमच्या स्वच्छतेचाही नव्हता. हे ऐकून जाऊ तिथंच रडली.

कडवटपणा काढायची यंत्रणा असते, पण ती मोठ्या कारखान्याची गोष्ट. आम्ही माल बदलला. ताजा रस फक्त जागेवर, ग्लासात, पूर्ण पिकलेल्या फळाचा आणि हलक्या हातानं काढलेला. मार्मालेड करतो, त्यात थोडा कडूपणा चालतो. आणि सगळ्यात जास्त पैसा येतो सालीतून! सावलीत वाळवून, दळून उटणंवाल्यांना देतो. साल फेकून देत होतो आधी. बाटल्या, झाकणं, लेबल यांत अडकणारा पैसाही वाचला. फळप्रक्रियेत उतरणाऱ्या प्रत्येकीला माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिली बाटली विकण्याआधी ती महिनाभर घरात ठेवा आणि दर आठवड्याला चाखा.

पोल्ट्रीवाला, मूल तालुका

थोडक्यात लिहितो. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीनं कोरोना होतो ही अफवा उठली. माझी बॅच तयार होती. दर असा पडला की खाद्याचाही पैसा निघेना, आणि पक्षी ठेवावेत तर रोज खाद्य. लोकांना फुकट वाटले. नंतर दीड वर्ष शेड रिकामी.

आता ब्रॉयलर सोडून गावरान. वाढ हळू, पण विकायची घाई नसते, अंडी येत राहतात, आणि आठवडी बाजारात मी स्वतः बसतो. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा शेडमध्ये पक्षी कमीत कमी ठेवतो. कूलर-फॉगरवर खर्च करून उन्हाळ्यात बॅच घेणं मला परवडलं नाही. कोणाला परवडत असेल तर जरूर लिहा.

कृषी केंद्राची सून, घाटंजी तालुका

लिहू की नको असा विचार करत होते.

आमचं कृषी केंद्र सासऱ्यांनी सुरू केलेलं. जूनमध्ये बियाणं, खत उधार, आणि दिवाळीनंतर कापूस विकला की वसुली. गावाकडचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच पैशानं मोकळं असतं आणि त्याचे आधीचे सगळे महिने आम्ही उचलायचे, असा हा धंदा. आमचं भांडवल म्हणजे उधारीची एक लाल वही.

२०१७ साली गुलाबी बोंडअळी आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि खराब झालेला कापूस. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात माणसं गेली. वहीतल्या बऱ्याच पानांची जमेची बाजू त्या वर्षी कोरीच राहिली. वरच्या डीलरला मात्र आमची अडचण सांगून भागत नव्हतं, त्याचे पैसे द्यावेच लागले. माझं आणि सासूबाईंचं सोनं त्यात गेलं.

सासरे वसुलीला म्हणून गाडी काढायचे आणि कोणाच्याही दारात न थांबता परत यायचे. एका घरचा कर्ता माणूस गेला होता. त्या घरच्या पानावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि वही मिटली. माझे यजमान तेव्हा चिडले. मी चिडले नाही, आजही मला ते बरोबरच वाटतं. धंद्याच्या कोणत्याही प्रशिक्षणात हे शिकवत नाहीत. शहरातल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक बुडालं तर त्याचं फक्त बिल बुडतं, आमच्या गिऱ्हाइकाच्या लग्नाला आम्ही जेवलेलो असतो.

दुकान बंद करायची वेळ आली होती. मग हिशेब मी हातात घेतला. आधी हे पाहिलं की बारा महिने रोख कशाचं येतं. उत्तर निघालं दुरुस्तीचं! बॅटरीच्या फवारणी पंपाची वायर, नोझल, वॉशर, ठिबकचे जॉइनर, मोटारीचे बारीक भाग. यासाठी माणूस उधार मागत नाही, कारण काम अडलेलं असतं आणि रक्कम लहान असते. माझ्या दिरानं पंप दुरुस्ती शिकून घेतली. त्याच्या बाकाला दुकानातली अर्धी जागा दिली. कीटकनाशकाची उधारी पूर्ण बंद केली आणि हातमोजे, मास्क, चष्मा घेतल्याशिवाय औषध द्यायचं नाही असं ठरवलं. बियाण्याला निम्मे रोख. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं तुटली, जुन्या लोकांनी सासऱ्यांना टोमणे मारले. पण दुरुस्तीसाठी आजूबाजूच्या गावांतून माणसं यायला लागली, आणि येताना बियाणंही आमच्याकडूनच नेऊ लागली. आता दुसऱ्या गावात दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलंय, तिथं खत-बियाणं ठेवलेलंच नाही.

धागा सुरू करणारा

ताई, हे लिहिलंत म्हणून आभार. तुमची ती रोख येणारी वस्तू शोधण्याची गोष्ट मी आजच भावाला वाचून दाखवली. आमच्याकडं हळद उकडायचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम हंगाम संपला की पडून असतो. इतरांची हळद मजुरीवर करून देता येईल, अकोटच्या भाऊंच्या भरडाईसारखी.

बचत गट, धामणगाव रेल्वे

आमचा गट कुरडया, सरगुंडे, मूगवड्या करतो. अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावर प्रदर्शन लागलं की चांगली विक्री होते, पण नंतर पुढच्या प्रदर्शनापर्यंत शांतता. २०२० च्या उन्हाळ्यात माल तयार आणि बाजार बंद, तेव्हा पुण्या-मुंबईच्या लेकीजावयांना फोन करून यादी केली. त्याच यादीवर आजही धंदा चालतो. दिवाळीआधी ऑर्डर घेतो, निम्मे पैसे आधी घेतो, उन्हाळ्यात करून पाठवतो.

एक विचारायचं होतं. शेवयाचं मशीन आणि ड्रायर घ्यायचा आहे. अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेतून ३५ टक्के अनुदान मिळतं म्हणतात. एक जण कागद करून द्यायचे बरेच पैसे मागतोय. द्यावे का?

डाळ मिलवाला, अकोट तालुका

ताई, एक रुपया देऊ नका. माझा ड्रायर त्याच योजनेतून, पीएमएफएमई म्हनतात तिले. कृषी खात्याकडं जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेले राह्यते, प्रकल्प अहवाल करून बँकेत पाठवणं हे त्याहीचंच काम, न त्याचे पैसे त्याहीले सरकार देते. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या हापिसात जाऊन नंबर घ्या. ३५ टक्के खरं आहे, एका उद्योगाले दहा लाखांच्या वर नाही, आन् निदान दहा टक्के आपले घाला लागते.

पन एक समजून घ्या. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या कर्जाच्या नावानं बाजूले ठेवतात आन् तीन वर्सं खातं नीट चाललं तं मंग कर्जात वळतं करतात. मशीनवाल्याले आनुदानातून देऊ म्हनान तं फसान. कुरडयांचा गहू, तेल, मजुरी याचा पैसा येगळा काढून ठेवा. कोटेशन दोन-तीन ठिकाणचं घ्या, आन् ड्रायर घ्याच्या आधी माझा पाहून जा. तुमच्या कुरडया घेऊन या, इथंच वाळवून पाहू.