मदत हवी आहे: नाविकला (आपली जीपीएससारखी देशी यंत्रणा) जागा शोधायला चौथा उपग्रह कशाला?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, देवळाली कॅम्पला नववी-दहावीच्या पोरांना गणित शिकवतो. जानेवारी 2025 ला सोडलेला नाविकचा उपग्रह एनव्हीएस-02 ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही आणि टीव्हीवर मात्र रोज पक्षांचीच भांडणं, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे हा, खरंच वाईट वाटतं. असो. पोरं विचारतायत, जागा शोधायला तीन अंतरं पुरतात ना सर, मग चौथा उपग्रह का? मोबाइलच्या घड्याळातली चूक हे चौथं अज्ञात, म्हणून चार समीकरणं, इतपत मी सांगितलं, पण वहीवर सोडवता येईल असं सोप्या आकड्यांचं उदाहरण कोणाकडे आहे का? मराठीत असेल तर फारच छान. गणिती कापरेकरांच्या देवळालीची पोरं आहेत, आकडेमोडीला घाबरत नाहीत.