पेंटिंगची स्वतंत्र कामं घेताना दर कसा काढायचा? (सोलापूर)

चार_कारागीर:
नमस्कार मंडळी. सोलापुरात घरं रंगवायची कामं स्वतःच्या नावावर घ्यायला सुरुवात केली आहे. चार पेंटर, दोन बिगारी. अडचण दराची. गिऱ्हाईक फोनवरच विचारतं, "फुटाला किती?" जुळे सोलापुरातला दहा वर्षांचा फ्लॅट आणि पेठेतलं दगड-चुन्याचं घर यांना एकच दर कसा लावायचा? सध्या हातात दोन चौकश्या आहेत. एक 2 बीएचकेचं रिपेंट, माप साधारण 3000 चौरस फूट (पुढे नुसतं फूट म्हणतो). दुसरं पेठेतलं जुनं घर, तळमजल्याला गुडघ्यापर्यंत लोणा (ओलीने भिंतीवर फुटणारा पांढरा खार) आलाय आणि मालक म्हणतात "पुट्टी ओढून लस्टर मारा" (म्हणजे तेलाचा चकाकणारा रंग). माप, माल आणि मजुरी कशी धरता? बाहेरचं काम एप्रिल-मेमध्ये घ्यावं का?

हजेरीबुक:
फोनवर "भिंत बघून सांगतो" एवढंच बोलायचं. कार्पेट एरियाच्या तीन ते साडेतीन पट हा नुसता अंदाज, त्यावर कोटेशन देऊ नका.

माप घेताना मालकालाच टेपचं दुसरं टोक धरायला द्या आणि कागदावर लगेच त्यांची सही घ्या. बिलाच्या वेळची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट: भिंती 440, छत 120, एकूण 560. दार (3×7) आणि खिडकी (4×4) वजा केली तर 523. पुष्कळ ठेकेदार वजावट करत नाहीत, कारण चौकटीच्या कडेने ब्रश चालवायला जो वेळ जातो तो कुठल्याच मापात येत नाही. दोन्ही पद्धती चालतात, पण वजावट करणार असाल तर खिडकीच्या आतल्या कडाही मोजा. काय ठरलं ते कोटेशनवर लिहा.

आता तुमच्या 3000 फुटांची मजुरी. खरवडणं, भेगा भरणं, टचअप पुट्टी आणि घासाई 5 हजेऱ्या (एक हजेरी म्हणजे एका माणसाचा एक दिवस), प्रायमर 3, इमल्शनचे (पाण्यातल्या रंगाचे) दोन हात, म्हणजे दोन थर, 8, सामान हलवणं-झाकणं आणि शेवटची सफाई 2. झाल्या 18. पेंटर-बिगारी मिळून सरासरी 800 धरली तर 14,400. त्यावर शिडी, रोलर, गाडीभाडं, नंतरचं टचअप आणि तुमची देखरेख यांचे 25 टक्के, म्हणजे 3,600. एकूण 18,000, फुटाला 6 रुपये. हजेरी तुमची तुम्ही घाला, रीत हीच.

फुल पुट्टी असेल तर गणितच बदलतं. एक पेंटर दिवसाला एका हाताची 350 फूट पुट्टी ओढतो. 3000 फुटांना दोन हात म्हणजे सतरा हजेऱ्या, घासाईच्या पाच-सहा वेगळ्या. म्हणून मजुरी दुपटीच्या वर जाते. नवीन पोरं इथेच फसतात: भिंत न बघता "रिपेंट" म्हणून दर देतात आणि खरवडायचा पत्रा लावला की पोपडे निघायला लागतात.

मालाचं म्हणाल तर डब्यावरचं कव्हरेज गुळगुळीत भिंतीचं असतं. दोन हातांना लिटरला 60 फूट धरा, म्हणजे 3000 ला 50 लिटर. पुट्टीची 40 किलोची गोणी चांगल्या गिलाव्यावर दोन हातांत 450 फूट जाते, खरखरीत असेल तर 300 वर येते. लाल आणि गडद पिवळ्याला एक हात जास्त धरा.

चुना_गिलावा:
पेठेतल्या घराला पुट्टी-लस्टर अजिबात करू नका. दगड-चुन्याच्या जुन्या भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी क्षार घेऊन वर चढतं, पृष्ठभागावर वाळतं आणि क्षाराचे स्फटिक फुगून रंगाला ढकलतात. वर सिमेंटची पुट्टी आणि तेलाचा लस्टर बसला की वाळायची वाट बंद होते. पाणी आणखी वर चढतं आणि आज गुडघ्याला असलेला लोणा कमरेला येतो. तेव्हा शिव्या तुम्हालाच.

आधी उगम शोधा. मोरी, गळका नळ, भिंतीलगतचा हौद बघा. पेठेत आणखी एक असतं: रस्ता थरावर थर चढून उंच झालेला आणि घर खाली गेलेलं. तसं असेल तर पावसाचं पाणी भिंतीलाच टेकतं, ते बाहेरूनच अडवावं लागतं. मग लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा, धुऊ नका. पाण्यात विरघळून तो परत आत जातो. सुटलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर फूटभर काढा आणि भिंत उघडी ठेवा. वाळायला आपला उन्हाळा उत्तम. नंतर चुन्याचाच गिलावा, वर चुन्याचाच हात.

शंका असेल तर दीड-दीड फुटाचं प्लास्टिक चारी कडा टेपने बंद करून भिंतीवर एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या दमट हवेची.

वरच्या कोरड्या भिंतींवर तळवा घासून बघा. हात पांढरा झाला तर जुना चुना-डिस्टेंपर सगळा खरवडायचा, नाहीतर पुट्टी पुढे थराच्या थर सुटते. खरवडाईचा दर वेगळा लावा आणि कोटेशनवर लिहा: "तळमजला, जमिनीपासून 3 फूट, ओलीची हमी नाही."

पश्चिम_भिंत:
वरच्याला एक जोड. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला गळती बंद करून डॅम्पप्रूफ कोट देता येतो, तिथे तो टिकतो. जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर मात्र पैसे वाया.

एप्रिल-मेमध्ये बाहेरचं काम घ्या, पण सावली धरून. सकाळी साडेसहाला पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. तापलेल्या भिंतीवर रंग रोलर उचलायच्या आत वाळतो, जोड दिसतात. पोरं मग पाणी वाढवतात आणि दुसऱ्या वर्षी भिंतीचा रंग भुकटी होऊन हाताला लागतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. सिमेंटच्या पुट्टीआधी भिंत ओली करून घ्या. किलोला 360 ते 400 मिली पाणी, आणि दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवायची. घट्ट झालेल्या पुट्टीत पाणी घालून पुन्हा फिरवली की तो थर भुकटी होतो. पुट्टीला बोअरचं खारं पाणी नको. नळ काही दिवसांआड येतो, तेव्हा कामाच्या आदल्या पाळीलाच मालकाकडून 200 लिटरचं पिंप भरून घ्या.

पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरमध्ये, बाहेरचं काम टाळा. रस्त्याकडची कंपाउंड वॉल रंगपंचमी झाल्यावरच. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कारागीर येतीलच असं धरून तारखा देऊ नका.

चार_कारागीर:
लई उपयोग झाला. पैशाचे टप्पे आणि माल कोणी घ्यायचा, हेही सांगा. डब्यातल्या टोकनवरून (कंपनी रंगाच्या डब्यात ठेवते ते पैशाचं कूपन) पेंटर आणि मालक दोघंही विचारतात.

हजेरीबुक:
सुरुवातीला माल मालकांनी दुकानातून घ्यावा, बिल त्यांच्या नावावर. तुमचं भांडवल अडकत नाही, आणि सेवेसाठी जीएसटी नोंदणीची 20 लाखांची मर्यादा मोजताना उलाढालीत फक्त मजुरी धरली जाते. मालासकट ठेका घेतला तर सगळी रक्कम मोजली जाते. मशीनवर बनवलेला रंग दुकानदार परत घेत नाही, म्हणून आधी गरजेच्या 90 टक्केच मागवा आणि शेडची चिठ्ठी जपून ठेवा. एका भिंतीला लागणारे डबे आधी एकत्र मिसळून घ्या.

मजुरी 30 टक्के आधी, 40 प्रायमर झाल्यावर, 20 पहिल्या हातानंतर, 10 टचअपनंतर. टोकन पेंटरचं की ठेकेदाराचं, हे डबा उघडायच्या आधी ठरवा आणि मालकांनाही सांगा. नाहीतर टोकन जास्त असलेल्या मालाचा आग्रह सुरू होतो आणि भिंतीला काय हवं ते बाजूला राहतं.

पोरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून द्या. वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवसांचं काम लागतं, प्रमाणपत्र ठेकेदार म्हणून तुम्ही देऊ शकता.

चुना_गिलावा:
पेठेतल्या दारं-खिडक्यांवर जुना ऑइल पेंट असणार. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांत जास्त असू शकतं. कोरडी घासाई नको. वॉटर पेपर, पाणी, तोंडाला चांगला मास्क, आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. खरवड गोळा करून पिशवीत बांधा, अंगणात झाडू नका.