मदत हवी आहे: जुन्या पायथन कोडला टाइप लावताना सुरुवात कुठून करावी? (पीएचडीसाठी)

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करतेय. विषय: आधीच लिहून झालेल्या पायथन कोडला मागाहून टाइप लावणे, म्हणजे कुठे संख्या यायला हवी आणि कुठे मजकूर, हे कोडमध्येच लिहून ठेवणे. इथे रोज पायथन लिहिणारे बरेच आहेत, म्हणून हा धागा. आधी अडचण सांगते.

माझ्या अभ्यासातला मुख्य कोड हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढतो. एका छोट्या कंपनीने तो अभ्यासासाठी दिलाय. बऱ्याच जणांच्या हातून वाढत गेलेला, टाइप कुठेच नाहीत. त्यातलं एक फंक्शन दरमहाची रक्कम आणि थकलेले महिने घेतं आणि गुणाकार करून थकबाकी देतं. महिना ४५० रुपयांनी तीन महिन्यांचे १,३५० यायला हवेत. पण रक्कम सीएसव्ही फाइलमधून (साध्या मजकुरात साठवलेल्या तक्त्यातून) आली की ती संख्या नसते, मजकूर असतो. आणि मजकुराला तीनने गुणलं तर पायथन तक्रार करत नाही, तोच मजकूर तीनदा जोडून देतो: ४५०४५०४५०. पुढे दुसरं फंक्शन त्याची पुन्हा संख्या करतं आणि एखाद्या सभासदाच्या नावावर पंचेचाळीस कोटींची थकबाकी चढते.

एवढी रक्कम निदान कुणाच्याही डोळ्यांवर येईल. खरा त्रास न दिसणाऱ्या चुकांचा. थकबाकीदारांची यादी चढत्या क्रमाने लावली, तर मजकूर म्हणून १२०० हे ४५० च्या आधी येतं, आणि अशी यादी महिनोन्‌महिने तशीच छापली जाऊ शकते.

उपाय वरकरणी सोपा आहे: रक्कम पूर्णांक आहे असं फंक्शनवर लिहून टाका. पायथन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, त्यासाठी पेप ४८४ (पायथनमधल्या बदलांचा अधिकृत दस्तऐवज) ची ठरलेली पद्धत आहे. पण कोड चालताना पायथन हे टाइप तपासत नाही. तपासतो तो मायपायसारखा वेगळा प्रोग्राम, तोही कोड न चालवता. आणि ज्या फंक्शनवर काहीच टाइप लिहिलेले नाहीत, त्याच्या आत मायपाय मुद्दाम सांगितल्याशिवाय बघतच नाही. म्हणजे थकबाकीच्या फंक्शनला टाइप लावले, पण फाइल वाचून त्याला कॉल करणारं फंक्शन तसंच राहिलं, तर मायपाय गप्प बसतो आणि मजकूर सुखरूप आत पोचतो.

यावर विचार पुष्कळ झालाय. जेरेमी सीक आणि वालिद ताहा यांनी २००६ मध्ये ग्रॅज्युअल टायपिंग मांडलं: टाइप असलेला आणि नसलेला कोड जिथे एकमेकांना भिडतात, तिथे चालताना तपासणी घालायची. टाइप्ड रॅकेट, म्हणजे रॅकेट भाषेचं टाइप असलेलं रूप, असंच करतं. पण तपासणीला वेळ लागतो. टाकिकावा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये टाइप्ड रॅकेटवर मोजून दाखवलं, की अर्धवट टाइप लावलेल्या काही अवस्थांत प्रोग्राम शंभरपटीहून जास्त मंदावतो. त्यांनी कुठल्या मॉड्यूलला (प्रोग्रामच्या एकेका भागाला) टाइप आहेत आणि कुठल्याला नाहीत याची प्रत्येक जुळणी तपासली होती. वीस मॉड्यूल असले तर अशा १०,४८,५७६ जुळण्या होतात. मला ते झेपणारं नाही, त्यामुळे ग्रीनमन आणि मिगीड यांनी २०१८ मध्ये केलं तसं यादृच्छिक नमुने घेऊन मोजणार आहे.

माझं म्हणणं असं: डेटा बाहेरून जिथे आत येतो, म्हणजे फाइल, डेटाबेस, वेब फॉर्म, तिथे आधी टाइप लावावेत आणि चालतानाची तपासणीही फक्त तिथेच ठेवावी. आतल्या भागात मायपाय पुरे. कमीत कमी टाइप लिहून जास्तीत जास्त चुका अशाच सापडतील असं मला मनापासून वाटतं. पण गाईड सर म्हणतात, एका कोडवरून हे कोण मान्य करणार? त्यांचं बरोबर आहे.

म्हणून आधी तुमचा अनुभव हवा आहे. नोकरीत जुन्या कोडला टाइप लावले असतील, तर पहिली फाइल कोणती निवडलीत आणि का? सगळ्यात जास्त वापरातली, की जिथे सतत बग येतात ती? काम अर्धवट सुटलं असेल तर तेही सांगा, ते माझ्यासाठी तितकंच मोलाचं आहे. आणि मंकीटाइप कुणी वापरलंय का? ते चालत्या प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष आलेले टाइप टिपून कोडमध्ये लिहून देतं. मला भीती ही, की वरच्या फंक्शनवर ते "पूर्णांक किंवा मजकूर" असं लिहील आणि झालेली चूकच नियम होऊन बसेल.

दुसरं, गिटचा (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामचा) काही वर्षांचा इतिहास असलेला पायथन कोड हवा आहे. गाओ, बर्ड आणि बार यांनी २०१७ मध्ये जावास्क्रिप्टचे ४०० दुरुस्त झालेले बग घेतले, दुरुस्तीआधीच्या कोडला टाइप लावले आणि पाहिलं, की फ्लो किंवा टाइपस्क्रिप्टने (जावास्क्रिप्टचे टाइप तपासणाऱ्या साधनांनी) तो बग पकडला असता का. दोन्हींचा आकडा १५ टक्के आला. मला हेच पायथनवर, टाइप लावायचा क्रम बदलून बदलून, करायचं आहे. कोड तुमच्या मशीनवरून हलणार नाही. मी येऊन माझी स्क्रिप्ट तुमच्यासमोर चालवेन आणि फक्त आकडे घेऊन जाईन. विरार ते चर्चगेट, कल्याण ते सीएसएमटी, कुठेही यायची तयारी आहे. कमिट मेसेज (प्रत्येक बदलासोबत लिहिलेली टीप) नुसते "फिक्स" असले तरी चालतील.

थिअरीतल्या जाणकारांना एकच विचारते: पूर्ण साउंडनेसची (लिहिलेले टाइप चालताना कधीच खोटे ठरणार नाहीत याची) सिद्धता नसेल, पण "बाहेरून येणारा सगळा डेटा तपासला आणि आत टाइप नसलेलं काही ठेवलं नाही, तर आत टाइपची चूक होणार नाही" एवढं मर्यादित प्रमेय असेल, तर ते प्रबंधाला पुरेल का?

कोड दाखवू शकणाऱ्यांनी कृपया व्यनि करावा. अनुभव मात्र इथेच लिहा, म्हणजे एकाचं वाचून दुसऱ्यालाही आपलं आठवेल.