पीएचडी झालेले पुढे कुठे जातात, हे प्रवेशाआधीच सांगायला नको का?

पेशीवेडी:
अमेरिकेत बायोमेडिकल पीएचडीला जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे प्राध्यापकी असते. वैद्यकीय संशोधनाला पैसे पुरवणाऱ्या एनआयएच या तिथल्या सरकारी संस्थेच्याच कार्यगटाने २०१२ साली अहवालात मांडलं होतं की पीएचडी झालेल्यांपैकी टेन्युअर (कायम प्राध्यापकी) किंवा टेन्युअर-ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणाऱ्या) जागांवर असलेल्यांचं प्रमाण १९९३ मधल्या सुमारे ३४ टक्क्यांवरून २६ वर आलंय. बाकीचे कंपन्यांत, सरकारी खात्यांत, पेटंटच्या कामात. म्हणून प्रत्येक विभागाने आपले जुने विद्यार्थी आज काय करतात हे जाहीर करावं. आणि मुलांच्या विद्यावेतनाचे पैसे गाईडच्या संशोधनासाठीच्या ग्रँटऐवजी (निधीऐवजी) विद्यार्थी घडवण्यासाठीच्या प्रशिक्षण ग्रँटमधून जास्त यावेत. गाईडच्या ग्रँटचं मोजमाप संशोधनावर होतं. हाताखालचा विद्यार्थी कितपत घडला, हे कुणी तपासत नाही.

सूक्ष्मदर्शी:
आकडे जाहीर करा, त्याला ना नाही. पण दुसरी मागणी आपल्याच मुळावर येईल. एनआयएचच्या टी-३२ सारख्या प्रशिक्षण ग्रँटचे पैसे फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना गाईडची ग्रँटच तारते. ती आटली तर आपली मुलं आत तरी कशी शिरणार?

पेशीवेडी:
मुद्दा रास्त आहे. मग नियम बदलून घ्यायला हवा. मुलांना गाईडच्या मर्जीवर सोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

बाकावरून:
पोस्टडॉकबद्दल, म्हणजे पीएचडीनंतर गाईडच्या लॅबमध्ये तात्पुरत्या जागेवर संशोधन करणाऱ्यांबद्दल, कुणीच बोलत नाहीये, आणि खरं दुखणं तिथंच आहे. आमच्या लॅबमधल्या एकीला कंपनीत तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. गाईडचा पहिला प्रश्न: "उंदरांची कॉलनी कोण सांभाळणार?" ती गेली नाही. अजून तिथेच उंदरांचं जीनोटायपिंग (जनुकांची तपासणी) करतेय. एनआयएचच्या सल्लागार गटाने २०२३ च्या डिसेंबरात पोस्टडॉकला किमान ७०,००० डॉलर पगार आणि पाच वर्षांची मर्यादा सुचवली. दोन्ही हव्यात, पगार आधी.

सूक्ष्मदर्शी:
पगाराला पाठिंबा. मर्यादेला विरोध. उंदरांची एक नवी जात तयार करून, वाढवून, तिच्यावरचा पेपर छापून येईपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात. पेपर रिव्ह्यूत असताना मुदत संपली तर नुकसान पोस्टडॉकचंच, गाईडचं काही बिघडत नाही.

बाकावरून:
पाच वर्षांनंतर त्याच माणसाला स्टाफ सायंटिस्ट म्हणून नेमा ना. काम तेच, पण पद आणि पगार कर्मचाऱ्याचा. तसं केलं की लॅबला दर वर्षी नवे विद्यार्थी घेत राहायची गरजही कमी होईल.

सूक्ष्मदर्शी:
नेमा म्हणणं सोपं आहे. ग्रँटच्या त्याच रकमेत एका स्टाफ सायंटिस्टपायी विद्यार्थ्याची एक जागा जाईल. कुणाची, ते आधी ठरवा.