शब्दचर्चा : टचस्क्रीनचा अक्ष ‘उलटा’ म्हणजे नेमका कसा?

प्रश्न (वाळूज)

मंडळी, नमस्कार. इथल्या कारखान्यांत मशीनवरचे टच पॅनल दुरुस्त करणाऱ्या पोरांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. लिनक्स कर्नेलला, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, टचस्क्रीनची ओळख डिव्हाइस ट्रीच्या फाइलमधून (मशीनमध्ये कोणतं हार्डवेअर कुठं जोडलंय ते लिहिलेल्या फाइलमधून) करून द्यावी लागते. तिथं ‘इन्व्हर्टेड एक्स’, ‘इन्व्हर्टेड वाय’ आणि ‘स्वॅप्ड एक्स-वाय’ असे तीन गुणधर्म आहेत. पोरांच्या तोंडी तिन्हींना एकच शब्द. “सर, बोट उजवीकडं नेलं की बाण डावीकडं पळायलाय” हे उलटं, आणि “बोट आडवं नेलं की बाण उभा चालायलाय” हेही उलटंच. वेगळे शब्द सुचवा. शिवाय ‘हार्डवेअर डिस्क्रिप्शन’ला ‘वर्णन’ म्हणावं का? मला तो निबंधातला शब्द वाटतो.

उत्तर (लातूर)

सर, ‘वर्णन’ खुशाल ठेवा. खरेदीखतात ‘मिळकतीचे वर्णन’ असतंच की : गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. ज्यानं ते रान कधी पाहिलं नाही, त्यालाही कागद वाचून तेच रान सापडलं पाहिजे. डिव्हाइस ट्रीचं कामही हेच. यूएसबीला लावलेली वस्तू आपण कोण ते स्वतःच सांगते. टचची चिप बहुतेक वेळा आय-टू-सी बसवर (चिपा एकमेकींना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) असते, आणि तिथं ओळख विचारण्याची ठरलेली रीतच नाही. म्हणून चिप कोणती, बसवरचा पत्ता काय, बोट टेकल्याचा इंटरप्ट, म्हणजे ‘इकडं बघ’ असा इशारा, कोणत्या पिनवर येतो, रीसेटची पिन कोणती, हे सगळं लिहून द्यावं लागतं. गुडिक्स कंपनीच्या जीटी ९११ या टच चिपचे तर दोन पत्ते असू शकतात, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ५डी किंवा १४. रीसेटच्या वेळी इंटरप्टची पिन वर आहे की खाली, यावर ते ठरतं. इथं ‘माहिती’ हा शब्द ढिला पडतो. ‘वर्णन’ म्हटलं की ते वस्तूशी जुळलंच पाहिजे, असा धाक त्यात आहे.

आता ‘उलटा’. इन्व्हर्टेडसाठी ‘अक्ष उलटणे’ आणि स्वॅप्डसाठी ‘अक्षांची अदलाबदल’ असं पक्कं करून टाका. उलटण्यात अक्ष तोच राहतो, फक्त मोजणी दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. अदलाबदलीत दिशा कुणाचीच बदलत नाही, आडव्याचा आकडा उभ्याला जातो आणि उभ्याचा आडव्याला. ‘अदलाबदल’ला दोघं लागतात, एकट्या अक्षाची ती होत नाही, त्यामुळे पोरांचा गोंधळ शब्दातच थांबेल.

उत्तर (नांदेड)

‘उफराटा’ का नको? आमच्याकडं म्हातारी माणसं अजून बोलतात, आणि ‘उलटा’सारखा तो झिजलेला नाही.

उत्तर (लातूर)

ताई, शब्द मलाही आवडतो. पण ‘उफराटा’त रीत सोडून वागल्याची छटा आहे. इथं काही बिघडलेलं नसतं, पॅनल त्या बाजूनं बसवलेलं असतं एवढंच. शिवाय क्रियापद सहज होत नाही, आणि टिपणात ‘आधी उलटवा, मग अदलाबदल करा’ असं लिहावं लागणारच. हा क्रम कर्नेलच्या कागदपत्रांत स्पष्ट दिला आहे : अदलाबदल उलटण्यानंतर होते.

८०० बाय ४८० चं पॅनल घ्या. चिपनं एक्स १००, वाय ५० असं कळवलं. मोजणी शून्यापासून, म्हणून एक्सचं शेवटचं टोक ७९९. एक्स उलटला की ६९९ आणि ५०. मग अदलाबदल, म्हणजे ५० आणि ६९९. हेच पोरांनी मनात आधी अदलाबदल करून केलं, तर ५० आणि १०० होतात, आडवा अक्ष आता ४७९ पर्यंतच, तो उलटला की ४२९ आणि १००. बाण भलत्याच कोपऱ्यात. म्हणून टिपणात नुसतं ‘एक्स उलटा’ लिहू नका, ‘चिपचा एक्स उलटा’ लिहा. पोरगं पाहतं पडद्याचा एक्स, गुणधर्म बोलतो चिपच्या एक्सबद्दल. खरी खोच तिथंच आहे.

प्रश्नकर्ता (वाळूज)

‘चिपचा एक्स’ हे फार कामाचं सांगितलंत. मग उलटं बसवलेलं अख्खं पॅनल म्हणजे दोन्ही अक्ष उलटणे, अदलाबदल नाही. आणि पाव फेरा फिरवलेलं असेल, तर अदलाबदल अधिक दोहोंपैकी एक अक्ष उलटा. बरोबर ना? या दोन्हींना मी ‘फिरवलेलं’ म्हणेन, ‘उलटं’ म्हणणार नाही.

अजून एक. पोरं ‘इन्व्हर्टेड एक्स’पुढं शून्य लिहितात आणि बंद झालं समजतात.

उत्तर (लातूर)

फिरवलेल्याचं बरोबर. शून्याचं म्हणाल तर अशा गुणधर्माला ‘असणे-नसणे’चा गुणधर्म म्हणा, ‘चालू-बंद’चा नको. ‘चालू-बंद’ म्हटलं की बटण डोळ्यांपुढं येतं, आणि शून्य लिहिण्याचा मोह होतो. ओळ फाइलमध्ये आहे म्हणजे होय. नको असेल तर अख्खी ओळ काढायची.

त्याच फाइलमधल्या ‘साइज एक्स’ या गुणधर्माचं ‘आकार’ करू नका, पोरं पट्टी घेऊन मोजतील. तो टचच्या मोजणीतला आवाका आहे. मिलिमीटरसाठी वेगळा गुणधर्म आहे, तिथं ‘लांबी’ शोभेल. ‘कंपॅटिबल’ हा गुणधर्म मात्र तसाच राहू द्या. ‘सुसंगत’ म्हटलं की पोरं ‘कशाशी?’ विचारतील, आणि ती तर ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) जुळवण्यासाठी दिलेली नावं आहेत, सगळ्यांत नेमकं नाव आधी, ढोबळ नंतर.